छडी गेली; खतावणी आली

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला आणि शिक्षकाच्या हातातील छडी कायद्याने काढून घेतली. या कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंनाही मनाई केली. ती मोडणाऱ्यावर सेवानियमांनुसार कारवाई करण्याची तरतूदही केली. निर्णय योग्य होता. किंबहुना तो उशिराच झाला होता. त्यामागील कारण अद्याप संपलेले नाही, हे नोव्हेंबर २०२५ मध्ये वसई येथे पुन्हा दिसून आले. शाळेत उशिरा आल्याबद्दल सहावीतील एका मुलीला उठाबशा काढावयास लावण्यात आल्या आणि त्यानंतर काही दिवसांत तिचा मृत्यू झाला. शिक्षेचा आणि मृत्यूचा संबंध काय तो न्यायालय ठरवील. पण उशिरा येण्यासारख्या किरकोळ चुकीची किंमत मुलाने शरीराने मोजावी, ही समजूत कायद्यानंतर पंधरा वर्षांनीही टिकून आहे, एवढे तर निश्चित झाले.

कायद्याने छडी काढून घेतली खरी. परंतु तिच्या जागी शिक्षकाच्या हाती काय द्यावयाचे, याचा विचार फारसा झाला नाही. पन्नास-साठ मुलांचा वर्ग, त्यातली चार-दोन खोडकर, दोन-तीन खरोखर त्रस्त आणि बाकीची त्यांच्याकडे पाहत बसलेली, हे चित्र अधिनियमाने पालटत नाही. ही जी पोकळी निर्माण झाली, तीत एक नवी व्यवस्था शिरली आहे. ती दिसावयास सौम्य आहे, हिशेबी आहे आणि आधुनिकही आहे. गणवेश नीटनेटका असला की दोन गुण जमा. उशीर झाला की एक गुण वजा. गृहपाठ विसरला तर दोन वजा. वर्गात बोलला तर आणखी एक वजा. इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून चार रंगांची चार 'हाउसे' आणि त्यांच्या नावे फळ्यावर चढणारे-उतरणारे आकडे हे दृश्य जुनेच आहे. आता फळ्याच्या जागी मोबाईल आला आहे आणि आकडा घराण्याच्या नावे न चढता एकेका मुलाच्या नावे चढू लागला आहे.

मराठीत 'गुण' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक परीक्षेतला आणि दुसरा स्वभावातला. आजवर ते एकमेकांपासून पुष्कळसे दूर होते. गणितात नापास होणारा मुलगा गुणी असू शके. गुणांच्या शिस्तीने हे अंतर पुसून टाकले आहे. म्हणूनच ही पद्धत चांगली की वाईट, एवढाच प्रश्न विचारून भागणार नाही. मुलाच्या वागणुकीचा हिशेब लिहिणाऱ्याने कोणती बंधने पाळावीत, हा खरा प्रश्न आहे.

पद्धत नवी नव्हे

ही कल्पना संगणकाबरोबर आली, असे समजण्याचे कारण नाही. तिचे एक मूळ हिंदुस्थानातच सापडते. अँड्र्यू बेल यांनी १७८९ मध्ये मद्रासच्या एगमोर भागातील लष्करी अनाथ मुलांच्या शाळेची व्यवस्था हाती घेतली. तेथे त्यांनी मोठ्या मुलांकडून लहानांना शिकविण्याची पद्धत बसविली आणि तिचा वृत्तांत १७९७ मध्ये इंग्लंडात प्रसिद्ध केला. त्या पद्धतीत मुलांच्या अपराधांची नोंद करणारी एक 'काळी वही' होती. लंडनमध्ये जोसेफ लँकास्टर यांनी हीच दिशा पुढे नेली. ते क्वेकर पंथाचे असल्यामुळे मारहाणीच्या विरुद्ध होते. त्यांच्या शाळेत चांगल्या वागणुकीबद्दल तिकिटे मिळत आणि साठलेल्या तिकिटांवर बक्षीस मिळे. परंतु अपराधी मुलाच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकविणे किंवा त्याला टोपलीत बसवून छताला टांगणे, हेही तेथेच चाले. मारावयाचे नाही असे ठरविलेल्या सद्‌गृहस्थाने लाजेला कामास लावले, ही गोष्ट आजही लक्षात ठेवण्यासारखी आहे. मुंबईत नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्या शाळा काढल्या, त्यांवरही या लँकास्टरी पद्धतीचा ठसा होता.

दुसरे मूळ लष्करी आहे. अमेरिकेतील वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयात सिल्व्हॅनस थेअर हे १८१७ मध्ये प्रमुख झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत प्रत्येक चुकीला ठरावीक अवगुणांची पद्धत रूढ झाली. वर्षात दोनशेंवर अवगुण झाले की विद्यार्थ्याला बाहेरची वाट दाखविली जाई. सैन्याला एका साच्यातील माणसे हवी असतात, आणि तेथे जाणारा तरुण ते पत्करून जातो. दहा वर्षांचे मूल शाळेत जाते ते अशा कोणत्याही करारावर सही करून जात नाही.

प्रयोग काय सांगतात

या पद्धतीची बाजू निष्पक्षपणे मांडली पाहिजे. १९६९ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस येथे तीन संशोधकांनी चौथीच्या एका दंगेखोर वर्गाचे दोन गट केले. जो गट नियम मोडील त्याच्या नावे फळ्यावर खूण करावयाची आणि ज्याच्या खुणा कमी त्याला थोडी सवलत द्यावयाची, असा तो खेळ होता. वर्गातील गोंधळ झपाट्याने उतरला. पुढे बाल्टिमोर शहरातील शाळांत हाच खेळ पहिली-दुसरीच्या मुलांवर पारखला गेला, तेव्हा विशेषतः आक्रमक मुलांच्या बाबतीत त्याचे इष्ट परिणाम मोठेपणापर्यंत टिकलेले आढळले. मात्र त्या खेळाची रचना ध्यानात घ्यावयास हवी. खूण गटाच्या नावे होती, खेळ ठरावीक वेळापुरता होता, आणि खुणा ठरावीक मर्यादेच्या आत राहिल्या तर दोन्ही गट जिंकू शकत. दिवस संपला की हिशेबही संपत असे.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही तितकाच बोलका आहे. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्ड येथील बालवाडीतील काही मुलांना चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र देण्याचे आश्वासन दिले. एरवी आनंदाने चित्रे काढणारी ही मुले पुढे, बक्षीस नसताना, इतरांच्या मानाने चित्रांकडे बरीच कमी वळू लागली. जे काम स्वतःसाठी होत होते ते मोबदल्यासाठी होऊ लागले आणि मोबदला थांबताच कामाची गोडी आटली. इस्रायलमधील हैफा येथील पाळणाघरांचा अनुभव, जो ग्नीझी आणि रुस्टिचिनी यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केला, तो तर कोणाही मुख्याध्यापकाने वाचावा असा आहे. मुलांना न्यावयास उशिरा येणाऱ्या पालकांना दहा शेकेल दंड लावण्यात आला. आणि उशिरा येणारे कमी होण्याऐवजी जवळजवळ दुप्पट झाले. पूर्वी शिक्षिकेला ताटकळत ठेवण्याची जी भीड वाटत होती, ती दंड भरताच नाहीशी झाली. उशीर हा अपराध न राहता विकत मिळणारी सोय झाली. दंड पुढे रद्द केला, तरी गेलेली भीड परत आली नाही.

छडीच्या जागी गुण आणण्याचा प्रयोग एका संपूर्ण देशाने केला आहे. दक्षिण कोरियात २००९ पासून शाळांत 'ग्रीन मायलेज' नावाची जमा-वजा गुणांची पद्धत पसरविण्यात आली. तिचा उघड हेतू मारहाणीला पर्याय देण्याचा होता. सोल शहरात २०१० मध्ये शारीरिक शिक्षेवर बंदी आली. पण त्याच देशातील ग्योंगी प्रांताच्या नव्या शिक्षणप्रमुखांनी २०१४ मध्ये ही गुणपद्धती बंद करण्याचे पाऊल उचलले. पर्याय म्हणून आणलेल्या गोष्टीलाच पर्याय शोधण्याची वेळ पाच वर्षांत आली.

सोलापूरच्या दोन वह्या

दूरदेशीचे दाखले पुरे. चुकांचा हिशेब ठेवणाऱ्या वहीचे सामर्थ्य काय असते, हे सोलापूरला अन्य कोणत्याही शहरापेक्षा अधिक ठाऊक असावयास हवे; कारण या शहराने अशा दोन वह्या पाहिल्या आहेत.

पहिली वही गिरणीची. १८७७ मध्ये जुनी गिरणी उभी राहिली आणि त्यानंतरच्या शतकभर भोंग्याच्या तालावर हे शहर जगले. उशीर, गैरहजेरी, खराब काम यांबद्दल कामगाराच्या पगारातून दंड कापण्याची रीत मुंबई इलाख्यातील गिरण्यांत सर्रास होती. बिघडलेले कापड विणकराच्याच माथी मारून त्याची किंमत पगारातून वळती केली जाई. १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाने या दंडांची दखल घेतली, १९३१ मध्ये अहवाल दिला आणि त्यातून १९३६ चा वेतन अदायगी कायदा जन्मास आला. त्या कायद्याचे ८ वे कलम आजच्या शिक्षकांनी मुद्दाम वाचावे असे आहे. कोणत्या चुकांना दंड होईल त्यांची यादी सरकारच्या मान्यतेने आधी ठरवावी आणि कामाच्या जागी लावावी. कामगाराला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय दंड करू नये. दंडाची एकूण रक्कम रुपयामागे अर्ध्या आण्यापेक्षा अधिक असू नये. साठ दिवस उलटल्यावर तो वसूल करू नये. प्रत्येक दंड नोंदवहीत लिहावा आणि जमलेली रक्कम कामगारांच्याच हितासाठी खर्च करावी. आणि सर्वांत महत्त्वाची अट ही की, पंधरा वर्षांखालील कामगाराला दंडच करू नये. पुढे अर्ध्या आण्याचे तीन टक्के झाले, मुदतीत फरक पडला. परंतु पूर्वसूचना, बचावाची संधी, मर्यादा, मुदत आणि मुलांना सूट ही चौकट २०१९ च्या वेतन संहितेनेही कायम ठेवली.

परकी सत्ता असतानाही, नफ्यासाठी चालणाऱ्या गिरणीत, निरक्षर कामगाराला मिळालेले हे संरक्षण होय. आज गुणांच्या शिस्तीखाली वावरणाऱ्या बारा वर्षांच्या विद्यार्थ्याला यांपैकी काय मिळते? गुण किती कापावे याला बहुधा मर्यादा नाही. म्हणणे मांडण्याची संधी शिक्षकाच्या मर्जीवर आहे. जूनमध्ये कापलेला गुण मार्चमध्येही त्याच्या नावावर उभा असतो. आणि ज्या वयाच्या मुलाला दंड करण्यास गिरणीमालकाला मनाई होती, नेमक्या त्याच वयासाठी ही सारी व्यवस्था आहे. गुण म्हणजे पैसे नव्हेत, हे खरे. परंतु मुलाच्या जगात चारचौघांतील मान हेच चलन असते.

दुसरी वही याहून कठोर होती. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ मध्ये मुंबई इलाख्यासही लागू झाला आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली. कैकाडी, टकारी, पारधी, कंजारभाट अशा जमातींची कुटुंबे तेथे डांबण्यात आली. त्यांच्या श्रमांवर येथील गिरण्याही चालल्या. ठरावीक वेळी हजेरी द्यावयाची, बाहेर जावयाचे तर पास घ्यावयाचा, आणि वर्तन चांगले ठरले तर तारेबाहेरच्या मोकळ्या वसाहतीत राहण्याची मुभा मिळवावयाची, असा तो क्रम होता. म्हणजे माणसाचे स्वातंत्र्य वागणुकीच्या नोंदीने मोजून दिले जात होते; आणि त्या वहीत नाव चढण्यासाठी गुन्हा करावयास नको होता, त्या घरात जन्म घेणे पुरेसे होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला, या जमाती विमुक्त झाल्या. परंतु 'सेटलमेंट' आणि 'फ्री कॉलनी' ही नावे सोलापूरच्या पत्त्यांतून अजून गेलेली नाहीत, आणि त्या नावांमागचा संशयही सर्वस्वी गेलेला नाही. कायदा रद्द करता येतो. वहीने माणसाला लावलेले विशेषण रद्द करता येत नाही.

शाळेतील गुणांची यादी आणि ती वसाहत यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. एकीकडे दडपशाही होती, दुसरीकडे बहुधा सद्‌हेतू आहे. तरीही दोन्ही वह्यांचा एक स्वभाव सारखा आहे: वागणूक बदलली तरी नोंद बदलत नाही, आणि लिहिणारा हळूहळू माणसाकडे पाहण्याऐवजी वहीकडे पाहू लागतो.

कोणाचे गुण कापले जातात

नियम सर्वांना सारखा, म्हणून न्यायही सारखा, असा या पद्धतीचा दावा असतो. सोलापूरच्या एखाद्या वर्गात हा दावा तपासून पाहावा. गणवेश मळका असल्याबद्दल गुण वजा होतात. या शहराने वर्षानुवर्षे तीन-तीन, चार-चार दिवसांआड नळाला येणारे पाणी पाहिले आहे. ज्याच्या घरी टाकी आहे त्याचा गणवेश पांढरा राहतो, ज्याच्या घरी दोन घागरी आहेत त्याचा राहत नाही. उशीर झाल्याबद्दल गुण वजा होतात. आई विड्या वळून माल द्यावयास गेली असता धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी, किंवा कुंभारीच्या कामगार वसाहतीतून बसने शहरात येणारा मुलगा, यांचा उशीर आणि दारात रिक्षा येणाऱ्या मुलाचा उशीर एकच कसा? गैरहजेरीबद्दल गुण वजा होतात. ऊसतोडणीच्या हंगामात आईबापांबरोबर फडावर गेलेल्या मुलाने कोणता नियम मोडला?

भाषेची गोष्ट तर सोलापुरात विशेषच नाजूक आहे. येथे एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू बोलली जाते. मूल घरात एक, अंगणात दुसरी आणि शाळेत तिसरी भाषा सहज वापरते. काही इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून शाळेच्या आवारात मातृभाषा बोलल्यास दंड करण्याची वा गुण कापण्याची प्रथा आहे. आईशी ज्या भाषेत बोलतो ती भाषा म्हणजे अवगुण, हा धडा मुलाला शिकवून शाळा कोणती शिस्त साधते? थोडक्यात, यादी नि:पक्षपाती दिसली तरी पुष्कळदा ती घरच्या परिस्थितीची परीक्षा घेते आणि निकाल मात्र मुलाच्या स्वभावावर लिहिते.

मोबाईलवरील नोंदींनी यात आणखी भर घातली आहे. फळ्यावरची खूण संध्याकाळी पुसली जाई. यंत्रातील नोंद पुसण्याची कोणाला आठवणही होत नाही. मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने मनाई केली. परंतु २०२५ च्या नियमांनी शैक्षणिक संस्थांना त्यांच्या कामापुरती सवलत ठेवली. प्रत्येक विद्यार्थ्याला 'अपार' हा बारा अंकी ओळखक्रमांक देऊन त्याची शैक्षणिक कारकीर्द एका खात्यात साठविण्याचे काम देशभर सुरू झाले आहे. त्या खात्यात विद्येचा हिशेब असावा. सातवीतील खोड्यांचा असू नये. यंत्राचा दोष मुळीच नाही. याच जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली आणि २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळविला. तोच मोबाईल एका शाळेत धडा उघडतो आणि दुसरीत चुका मोजतो. निवड शिक्षणसंस्थेची असते.

शिक्षकाची बाजू

या टीकेला शिक्षकाचे उत्तर काय असेल, हे उघड आहे. ज्याने कधी साठ मुलांना सलग सहा तास शिकविले नाही त्याने उपदेश करणे सोपे आहे, असे तो म्हणेल; आणि त्यात तथ्य आहे. शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंत तीस मुलांमागे आणि सहावी ते आठवीपर्यंत पस्तीस मुलांमागे एक शिक्षक असावा, असे प्रमाण घातले. प्रत्यक्षात रिक्त जागा, संचमान्यतेचे घोळ, निवडणुकीची कामे आणि रोज मागविली जाणारी ऑनलाइन माहिती यांतून जो वेळ उरतो त्यात मुलाशी बोलावयाचे केव्हा? गुणांची पद्धत लोकप्रिय होते ती शिक्षक निर्दय आहे म्हणून नव्हे, तर ती वेळ वाचविते म्हणून. मुलाला जवळ बसवून 'काय झाले?' असे विचारावयास दहा मिनिटे लागतात. एक गुण कापावयास दहा सेकंदही लागत नाहीत.

महाराष्ट्राने यापेक्षा चांगला मार्ग कागदावर स्वीकारलेला आहे, ही गोष्टही नमूद केली पाहिजे. ऑगस्ट २०१० च्या शासननिर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि प्रगतिपत्रकात आकड्यांबरोबर 'विशेष प्रगती', 'आवड व छंद', 'सुधारणा आवश्यक' अशा वर्णनात्मक नोंदी आल्या. मुलाला आकड्यात न बसविता वाक्यात पाहावयाचे, ही त्यामागील दृष्टी होती. पण लवकरच बाजारात तयार नोंदींची पुस्तके आली आणि एकच वाक्य चाळीस मुलांच्या नावे उतरू लागले. दृष्टी चुकीची नव्हती. ती अमलात आणण्यास लागणारा वेळ शिक्षकाला कोणी दिला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने आता 'समग्र प्रगतिपत्रका'ची भाषा केली आहे. वेळ न देता नवे पत्रक दिले तर त्याचीही तीच गत होईल.

शिस्त म्हणजे भय, हे समीकरण मराठी शिक्षणपरंपरेतील थोरांनी कधीच नाकारले होते. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी बालशिक्षणातून शिक्षा आणि बक्षीस या दोहोंनाही रजा दिली. कारण दोन्हींत मुलाची नजर कामावरून उठून दुसऱ्याच्या पसंतीकडे वळते. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात होते, तेव्हा मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या ते स्वतःच आवरून ठेवीत. आपल्या पसाऱ्याला गुरुजींचे हात लागले, या जाणिवेने मुले आवराआवर करू लागत. प्रत्येक शिक्षक साने गुरुजी होऊ शकत नाही, हे मान्य. परंतु शिस्तीचे मूळ नात्यात असते, नोंदीत नसते, एवढे तर प्रत्येकाला मान्य करता येईल.

१९३६ इतके तरी

तेव्हा ज्या शाळांना गुणांची पद्धत ठेवावयाचीच आहे, त्यांनी निदान १९३६ च्या गिरणीइतकी न्यायबुद्धी दाखवावी. नियमांची यादी छोटी असावी, ती शालेय व्यवस्थापन समितीपुढे ठेवून मंजूर व्हावी आणि जूनमध्येच मुलांना व पालकांना त्यांच्या भाषेत कळावी. या समितीत कायद्याने पाऊणपट सभासद पालक असतात. त्यांना ध्वजवंदनाच्या चहापुरतेच बोलाविण्याचे कारण नाही. गुण कापण्यापूर्वी मुलाचे म्हणणे ऐकावे. पाणी, वाहन, फी, गणवेशाची किंमत आणि मातृभाषा या मुलाच्या हाती नसलेल्या वा मुलाचा दोष नसलेल्या गोष्टी यादीतून वगळाव्यात. कपातीला आठवड्याची मर्यादा असावी. सत्र संपताच सर्वांची पाटी कोरी व्हावी; जुनी नोंद नव्या वर्गशिक्षकाकडे, दुसऱ्या शाळेकडे वा कोणत्याही खात्यात जाऊ नये. नावानिशी आकडे भिंतीवर लावू नयेत. कारण ज्या क्षणी ते भिंतीवर लागतात त्या क्षणी १७ व्या कलमातील 'मानसिक छळ' हे शब्द जिवंत होतात.

आणि एक अट गिरणीच्या कायद्यातूनच उचलण्यासारखी आहे. दंडाचा पैसा कामगारांच्या हितासाठीच वापरावा, असे त्या कायद्याने म्हटले. शाळेत मुलाकडून कापलेला गुण कोणाच्या कामी येतो? कोणाच्याच नाही. तो शिक्षकाच्या वेळेच्या रूपाने त्या मुलाकडे परत आला पाहिजे. एखाद्या मुलाचे पाच गुण गेले, तर त्याचा अर्थ शाळेने त्या मुलाला एक भेट देणे लागते, असा व्हावा: वर्गशिक्षकाची अर्ध्या तासाची बोलणी, गरज पडल्यास घरी एक फेरी. आकडा अशा वेळी सूचनेची घंटा ठरतो, शिक्षा ठरत नाही. हे जमत नसेल तर आकडा लिहूच नये. आणि हे जमावे म्हणून शिक्षकाला अशैक्षणिक कामांतून मोकळे करणे हे शासनाचे देणे आहे. छडी काढून घेणाऱ्या कायद्याचे ते अर्धे राहिलेले काम होय.

महाराष्ट्रातील शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा एक रकाना असतो. त्यात मुख्याध्यापक बहुतेक प्रत्येक मुलाच्या नावापुढे 'चांगली' असे लिहितात. दहा वर्षे ज्याने शाळा डोक्यावर घेतली त्याच्या दाखल्यावरही हाच शब्द असतो. काटेकोर हिशेबनिसाला ही नोंद खोटी वाटेल. पण ती लिहिणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुख्याध्यापकांना एक गोष्ट कळली होती: मूल शाळेतून बाहेर पडताना शाळेने त्याच्या पाठीवर कोणतेही विशेषण चिकटवून पाठवू नये. नव्या यंत्रांत हजार नोंदींची सोय आहे. या एका शब्दाची सोय राहील की नाही, हे येत्या जूनपूर्वी शाळाशाळांतील समित्यांनी ठरवावयाचे आहे.